मायनरला मानवशास्त्र: नागपूरच्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

हे प्रकरण नमुन्याचं आहे. नागपुरात बी.ए. करणाऱ्या मुलामुलींपुढे वारंवार उभी राहणारी परिस्थिती एका विद्यार्थिनीभोवती बांधून मांडली आहे. म्हणून तिला, तिच्या महाविद्यालयाला आणि तिने काम केलेल्या गावाला नावं नाहीत. कायदे, परीक्षांचे नियम, संस्था आणि मोजमापाचे आकडे मात्र खरे आहेत.

परिस्थिती

मुलगी मानेवाडा भागातली. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान आहे, दुकानाचा हिशेब आई बघते. दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर तिने भूगोल मेजर, म्हणजे मुख्य विषय, घेतला, कारण नकाशाचं काम आवडतं आणि जमतं. मायनरसाठी, म्हणजे जोडीच्या दुय्यम विषयासाठी, महाविद्यालयाने चार विषय ठेवले होते: समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास आणि मानवशास्त्र. फॉर्म भरायला आठवडाभराची मुदत होती.

मानवशास्त्राकडे ती वळली ती दोन ऐकीव गोष्टींवरून. यूपीएससीला हा विषय ‘छोटा’ आहे, ही एक. आणि कॉलेजची कोणी सीनियर गडचिरोलीकडे एका संस्थेत कामाला लागली, ही दुसरी. वडिलांनी एकच विचारलं, “अन् नोकरी कुठं भेटते याच्यात?”

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर गोलमाल देण्यात अर्थ नाही. ज्या पदांच्या जाहिरातीत ‘मानवशास्त्र’ हा शब्द असतो, ती जवळजवळ सगळी पदव्युत्तर पदवी मागतात. नुसत्या मायनरवर ती मिळत नाहीत. पण भूगोल, समाजकार्य, अर्थशास्त्र अशा पदव्यांचे उमेदवार जिथे रांगेत असतात, तिथे मायनरमुळे एखादी मुलगी पुढे सरकू शकते. त्यासाठी मायनरचे तास पुस्तकी पेपरांत न घालवता फिल्डवर्क आणि मोजमाप शिकण्यात घातलेले असले पाहिजेत. पुढचे सगळे निर्णय याच कसोटीवर तपासले आहेत.

आधी नोकऱ्या, मग पेपर

नागपूरकर विद्यार्थ्याची पहिली समजूत अशी असते की भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्रीय केंद्र शहरातच आहे, म्हणजे वाट सोपी. ही संस्था १९४५ साली स्थापन झाली, मुख्यालय कोलकात्यात आहे आणि ती केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाखाली येते. तिथली संशोधनाची पदं आणि फेलोशिप मानवशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीवर मिळतात. मायनरच्या विद्यार्थिनीला केंद्राचा उपयोग ग्रंथालय आणि संग्रहालयापुरता आहे. तेवढाही बहुतेक जण करून घेत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

प्राध्यापकी हवी तर नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा, द्यावी लागते. मानवशास्त्राचा नेटमधला विषय क्रमांक ०७ आहे. पदव्युत्तर पदवीला खुल्या गटात ५५ टक्के लागतात. २०२४ पासून चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी घेतलेल्यांनाही फेलोशिप आणि पीएच.डी. प्रवेशासाठी त्या विषयात नेट देता येते, मूळ पदवी कुठल्याही विषयाची असली तरी; त्यावर प्राध्यापकी मात्र मिळत नाही. कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० रुपये. शाळेत शिकवायचं असेल तर मानवशास्त्राचा उपयोग नाही, कारण राज्याच्या शालेय अभ्यासक्रमात तो स्वतंत्र विषय नाही. बी.एड.ची वाट भूगोलावरच चालते.

न्यायवैद्यक मानवशास्त्राबद्दलही तिने विचारलं. वेब सिरीजमुळे हा प्रश्न आता दर तुकडीत येतो. नागपुरात न्यायसहायक विज्ञानाची प्रादेशिक प्रयोगशाळा आहे, पण अशा ठिकाणी रसायन आणि जीवशास्त्राच्या विज्ञान पदव्या लागतात. हाडांवरून वय किंवा लिंग सांगण्याचं काम आपल्याकडे मुख्यतः न्यायवैद्यक आणि शरीररचना विभागातले डॉक्टर करतात. बी.ए. भूगोलाला इथे जागा नाही.

यूपीएससीचं जरा सविस्तर बघावं लागेल, कारण खरा मोह तिथेच आहे. मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाचे २५० गुणांचे दोन पेपर असतात. लेखी १,७५० गुणांपैकी हे ५०० झाले. वैकल्पिक विषयात पदवी असावी लागत नाही, म्हणजे मायनर ही अट नाही आणि पात्रताही नाही. मायनरचा फायदा डोक्यात आधीपासून बसलेल्या संकल्पनांपुरताच. त्यातही पहिल्या पेपरात मानवी उत्क्रांती, प्रायमेट (माकडं, वानरं आणि माणूस यांचा गट), प्रागैतिहासिक पुरातत्त्व, मानवी आनुवंशिकी, वाढ आणि विकास एवढा मोठा भाग येतो. सामाजिक बाजूचेच पेपर निवडले असतील तर हा सगळा भाग कोराच राहतो. राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे आणि तिच्या वैकल्पिक विषयांत मानवशास्त्र आहे, त्यामुळे एकच तयारी दोन्हीकडे चालते. मराठीतून उत्तरं लिहायची मुभा आहे. पण शारीरिक मानवशास्त्रावर मराठीत नीट पुस्तकं फार थोडी सापडतात. इंग्रजीत वाचून मराठीत लिहिण्याचा सराव पहिल्या दिवसापासून करावा लागतो. ‘छोटा विषय’ म्हणणाऱ्यांच्या हिशेबात हे श्रम नसतात.

मायनरची किंमत होते ती कामं वेगळी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारख्या मोठ्या पाहण्यांत टॅबलेटवर मुलाखती घेणारे आणि उंची-वजन मोजणारे क्षेत्र अन्वेषक लागतात. वनहक्क, पोषण, पाणी यांवर पूर्व विदर्भात आणि मेळघाटात काम करणाऱ्या संस्था आहेत. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली सामाजिक परिणाम मूल्यांकन करणाऱ्या चमूंना कुटुंबनिहाय माहिती गोळा करणारी माणसं लागतात. वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि आयसीएमआरच्या प्रकल्पांत तात्पुरती पदं निघतात. पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत ग्राहक आणि अॅप वापरणाऱ्यांचा अभ्यास करणारे गट असतात, पण तिथे इंग्रजी मुलाखत आणि इंग्रजी अहवाल लागतो, हे आधीच सांगितलेलं बरं.

एवढं कागदावर आल्यावर वडिलांचा आक्षेप संपला नाही, पण बदलला. आता ते विचारू लागले की ही कामं पक्की आहेत का. नाहीत. बहुतेक अकरा महिन्यांच्या करारावर किंवा प्रकल्प असेपर्यंत. मायनर घेताना हे घरात उघड बोललेलं असावं.

क्रेडिटचं गणित

या महाविद्यालयात मायनरला २० क्रेडिट, म्हणजे चार-चार क्रेडिटचे पाच पेपर होते. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या १२० क्रेडिटपैकी मायनरला २४ आहेत. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत आकडा थोडा इकडे-तिकडे होतो. तासांत बघायचं तर थिअरीचं एक क्रेडिट १५ तासांचं आणि प्रात्यक्षिकाचं ३० तासांचं. म्हणून चार क्रेडिटचा पेपर पूर्ण थिअरीचा असेल तर ६० तास होतात, आणि अर्धा प्रात्यक्षिकाचा असेल तर ९०. कामाचं काही शिकायचं तर हे जादा तीस तास सोडू नयेत.

तीन पेपर सक्तीचे होते: विषयाची ओळख, नातेसंबंध आणि कुटुंब, भारतातल्या जमाती. चौथा क्षेत्रकार्य पद्धतीचा, अर्धा प्रात्यक्षिकाचा. पाचव्यात निवड होती, ‘धर्म आणि विधी’ किंवा ‘वाढ, पोषण आणि शरीरमापन’. वर्गातल्या बहुतेकांनी पहिला घेतला, कारण तो वाचून पास होता येतो. तिचाही कल तिकडेच होता. वरची नोकऱ्यांची यादी समोर ठेवल्यावर तिने दुसरा घेतला. यूपीएससीच्या पहिल्या पेपरातला वाढ-विकासाचा भागही त्यात येत होता.

शिकवणाऱ्यांची अडचण मात्र तिच्या हातात नव्हती. मायनरचे तास अनेक ठिकाणी सीएचबीवरचे, म्हणजे तासिका तत्त्वावरचे शिक्षक घेतात. शिक्षक दर वर्षी बदलतो. तो समाजशास्त्राचा असला तर मानवशास्त्राचा पेपर हळूहळू समाजशास्त्राचा होऊन बसतो, आणि प्रात्यक्षिकाची वही सत्राच्या शेवटच्या आठवड्यात एकमेकांची उतरवून पूर्ण होते. यावर उपाय दोन. ई-पीजी पाठशाळेवरचे मानवशास्त्राचे मॉड्यूल मोफत आहेत, ते सत्राच्या सुरुवातीपासून वाचावेत. आणि महाविद्यालयाने परवानगी दिली तर एखादा पेपर ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावर करून क्रेडिट वळवून घ्यावेत. परवानगी आधी आणि लेखी घ्यावी. कोर्स संपवून मग अर्ज करणाऱ्यांचे क्रेडिट अडकतात.

सगळ्यात मोठी खाच मात्र दुसरीकडेच होती. राज्याच्या क्रेडिट रचनेत फिल्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग ही दोन्ही मेजर विषयाशी जोडलेली आहेत. मानवशास्त्राचं फिल्डवर्क करायचं म्हणून विद्यार्थी मायनर घेतो आणि प्रोजेक्टचे क्रेडिट मात्र भूगोल विभागाच्या ताब्यात असतात. विभागाने मृदा परीक्षण किंवा बाजारपेठेचं सर्वेक्षण दिलं की मानवशास्त्र वर्गातच राहतं. सुटका एवढीच की विषय असा निवडायचा, ज्यात नकाशा भूगोलाचा असेल आणि माहिती काढण्याची पद्धत मानवशास्त्राची. तिने विभागाला दिलेलं शीर्षक होतं: ‘जंगलालगतच्या गावातील निस्तार वापराचे नकाशांकन’. विभागप्रमुखांनी सही केली, कारण शीर्षकात नकाशा होता.

निस्तार, वंशावळ आणि कायदा

हा विषय का चांगला, हे समजायला थोडा कायदा बघावा लागतो. जुन्या मध्य प्रांतातल्या, म्हणजे आताच्या पूर्व विदर्भातल्या गावांना जळण, चारा, बांबू, वाट, गुरांचं पाणी यांसाठी निस्तार हक्क होते आणि ते निस्तार पत्रकात नोंदलेले असत. वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या २००८ च्या नियमांतल्या १३ व्या नियमात दाव्यासाठी चालणाऱ्या पुराव्यांची यादी आहे. सरकारी दस्तऐवजांबरोबरच वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, जुन्या नोंदींतल्या व्यक्तींपर्यंत पोचणारी वंशावळ, आणि भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणासारख्या संस्थांनी केलेलं रूढी-परंपरांचं लेखन, हे सगळं त्या यादीत आहे. एकाहून जास्त पुरावे जोडावे लागतात. अनुसूचित जमातीत न येणाऱ्या पारंपरिक वननिवासींना तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवायचं असतं. नातेसंबंधांच्या पेपरात त्रिकोण आणि वर्तुळं काढून शिकवतात ती वंशावळ इथे सरकारी फायलीत जाते.

नागपुरात तरी या विषयाला ‘पुस्तकी’ म्हणू नये. झिरो माइलजवळचं गोवारी शहीद स्मारक शहरातल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला अधिवेशनाच्या काळात गोवारी समाजाचे ११४ जण चेंगराचेंगरीत गेले, आणि त्यामागची मागणी गोवारी म्हणजेच अनुसूचित जमातींच्या यादीतली ‘गोंड-गोवारी’ जमात आहे का या प्रश्नावर उभी होती. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये गोवारींच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो फिरवला. कोष्टींना हलबा जमातीत धरता येतं का, हा हलबा-कोष्टींचा प्रश्न २००० साली तिथेच गेला होता. जमातीच्या दाखल्याच्या तपासणीत दक्षता पथक कुळ, दैवतं, लग्न आणि मर्तिकाच्या रीती विचारतं, ती आप्तभाव चाचणी १९९४ च्या माधुरी पाटील निकालापासून चालत आली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही चाचणी एकटी निर्णायक धरता येत नाही. जुन्या ग्रंथातलं वर्णन आजच्या माणसाला तंतोतंत लावलं तर काय होतं, हे या खटल्यांत दिसतं.

तिच्या पहिल्या मसुद्यात नेमकी तीच चूक होती. रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे चार खंड १९१६ चे. त्यातलं गोंडांच्या लग्नाचं वर्णन तिने ‘सद्यस्थिती’ या मथळ्याखाली घातलं होतं. मार्गदर्शकांनी ते ‘पूर्वीच्या नोंदी’ या भागात हलवायला लावलं, प्रत्येक विधानाला साल जोडून. जुनी वर्णनं तुलनेसाठी उत्तम आहेत. वर्तमानकाळात मात्र लिहायची नाहीत.

गावात

गाव रामटेक तालुक्यात, देवलापारच्या पुढे, जंगलाला लागून. गोंडी, मराठी आणि हिंदी तिन्ही कानावर पडतात. पहिली फेरी तिने ऑगस्टच्या सुट्टीत ठरवली आणि ती वाया गेली. रोवणीचे, म्हणजे धान लावणीचे, दिवस होते, बाया सकाळी सातला बांध्यांत जात आणि अंधार पडल्यावर परतत. दिवसा गावात भेटले ते म्हातारे, शाळकरी पोरं आणि सरपंचांच्या ओट्यावरचे चार पुरुष. त्यांच्याच बोलण्यावर अहवाल लिहिला असता तर जळण कोण आणतं, कुठून आणतं, याचं उत्तर चुकलं असतं. या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धानाची कापणी, मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल आणि त्यानंतर तेंदूपत्ता असतो. मुलाखतीला मोकळा काळ मिळतो तो डिसेंबर-जानेवारीत. विद्यापीठाचं वेळापत्रक याच्याशी जुळत नाही, म्हणून परीक्षा संपल्याबरोबरचे दिवस राखून ठेवावे लागतात.

दुसरी अडचण संशयाची. हातात मोबाइलवर जीपीएस, गळ्यात ओळखपत्र, विचारते जंगलाबद्दल. काहींना ती वन खात्याची वाटली, काहींना वाटलं ही वनजमिनीचे पट्टे मिळवून देणार. दुसरा गैरसमज जास्त वाईट, कारण लोक मग तिला जे हवं असेल ते सांगू लागतात. ग्रामसभेच्या बैठकीत पाच मिनिटं मागून तिने स्पष्ट केलं: हा कॉलेजचा अभ्यास आहे, याने दावा मंजूर होत नाही, नकाशाची एक प्रत वनहक्क समितीला मिळेल. संमतीपत्रावर अंगठे घेण्याचा आग्रह तिने सोडला. जमिनीचे वाद असलेल्या गावात कोऱ्यासारख्या दिसणाऱ्या कागदावर अंगठा मागितला की लोक घाबरतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. तोंडी संमती, एक साक्षीदार आणि तारखेसह टिपणवहीत नोंद, एवढं महाविद्यालयाच्या समितीने मान्य केलं. अठराखालच्या मुलांशी पालकांसमोरच बोलायचं, हेही ठरलं.

घरं निवडताना नेहमीची चूक म्हणजे डांबरी रस्त्यालगतची घरं. ती सापडायला सोपी आणि बहुधा सुस्थितीतली. तिने आधी गावाचा हातनकाशा काढला, टोल्यांप्रमाणे, म्हणजे वस्त्यांप्रमाणे, घरांना क्रमांक दिले, आणि प्रत्येक टोल्यातून काही घरं घेतली. सखोल मुलाखती बारा ते पंधरा पुरतात, नवीन माहिती यायची थांबते तिथे थांबायचं. प्रश्नावलीतले ‘हो-नाही’चे प्रश्न तिने दुसऱ्या दिवशीच गुंडाळले. “जंगलातून काही आणता का?” याला सगळे “नाही जी” म्हणतात. “काल चूल कशावर पेटली, ते लाकूड कोणी आणलं?” याला उत्तर मिळतं.

वंशावळीच्या एका मुलाखतीला तास ते दीड तास लागतो. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला दोन आडव्या रेघा, मृताच्या चिन्हावर तिरकी रेघ. तपशील गळतात ते ठरावीक ठिकाणी: लहानपणी वारलेली मुलं, लग्न होऊन गेलेल्या मुली, पहिली बायको, आणि एकाच नावाचे आजोबा-नातू, ज्यांच्यात एक पिढी सहज गडप होते. म्हणून प्रत्येक जोडप्यापाशी थांबून “यांना एकूण लेकरं किती झाली, जगली-वारली सगळी धरून?” असं विचारायचं. गोंडांमध्ये कुळं देवांच्या संख्येनुसार चार, पाच, सहा आणि सात देवे अशी गटांत येतात आणि एकाच गटात लग्न होत नाही. आडनावाबरोबर हा गट लिहिला की चुकलेली नोंद आपोआप उघडी पडते: नवरा-बायको एकाच गटात आले तर बहुधा लिहिणाऱ्याची चूक असते, पुन्हा विचारायचं. जन्मसाल कोणाला आठवत नाही. बहात्तरचा दुष्काळ, आणीबाणी, तोतलाडोह धरणाचं काम अशा घटनांच्या आधी की नंतर, असं विचारलं की साल दोन-तीन वर्षांच्या अंतरात येतं.

त्याच रात्री टिपणं उतरवायची. पाहिलेलं, ऐकलेलं आणि स्वतःचं मत, तिघांना वेगळ्या जागा. एक तासाच्या ध्वनिमुद्रणाचं लेखन करायला चार ते सहा तास जातात. हा हिशेब न केल्यामुळे अनेकांच्या मुलाखती फोनमध्येच पडून राहतात.

नकाशात एक चूक झाली ती निव्वळ भूगोलाची. मोबाइलने घेतलेले बिंदू तिने क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले आणि क्षेत्रफळ अंशांतच काढलं, आकडा निरर्थक आला. मग कुणाच्या तरी पुण्याच्या फाइलवरून प्रक्षेप (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) उचलला, तो यूटीएमचा ४३ उत्तर हा पट्टा. नागपूर ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला असल्यामुळे ४४ उत्तर मध्ये येतं, सॉफ्टवेअरमधला त्याचा संकेतांक ईपीएसजी ३२६४४. ते बदलल्यावर आकडा बसला. दाट झाडीखाली मोबाइलचा बिंदू दहा मीटर आणि त्याहून जास्तही सरकतो, म्हणून नाला, मोठा मोह, देवस्थान अशा खुणांवर थांबून काही मिनिटांच्या अंतराने दोनदा बिंदू घेणं बरं. अहवालात ही अचूकता लिहायची. समितीच्या दाव्यात असा नकाशा पूरक म्हणून लागू शकतो, सीमा ठरवणं मात्र ग्रामसभेचं आणि समितीचं काम आहे.

मोजपट्टी

पाचव्या पेपरात सुरुवातीला डोक्याची लांबी-रुंदी आणि कॅलिपर आले. रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणायचं, शिरोनिर्देशांक मिळतो. नोकरीत हे कोणी विचारत नाही. पण हात स्थिर होतो आणि आपली चूक किती, हे मोजायची सवय लागते. वीस जणांची उंची दोनदा मोजायची, प्रत्येकाच्या दोन आकड्यांतल्या फरकाचा वर्ग करून बेरीज करायची, बेरजेला चाळीसने भागून वर्गमूळ काढायचं. बेरीज ३.६ आली तर चूक ०.३ सेंटिमीटर. नवख्याला हे ठीक आहे, सरावाने आणखी खाली आलं पाहिजे.

खऱ्या उपयोगाचं होतं ते दंडाचं माप. डावा हात सैल सोडलेला, खांदा आणि कोपर यांचा मध्य आधी मोजून खूण करायची, पट्टी कातडीला टेकेल पण दाबणार नाही अशी. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांत ११.५ सेंमीच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ पासून १२.५ च्या आत मध्यम. अंदाजाने मध्य धरला आणि पट्टी ओढली की मूल उगाच एका गटातून दुसऱ्यात जातं. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून घेतात. उभं करून घेतली असेल तर ०.७ सेंमी मिळवायचे. पोषणाच्या कुठल्याही प्रकल्पात प्रशिक्षणाचा पहिला दिवस याच गोष्टींवर जातो.

सहावं सत्र

ऑन जॉब ट्रेनिंगचे चार क्रेडिट मेजरचे, म्हणून तिने ते नकाशांकनाचं काम करणाऱ्या एका कार्यालयात केले. मानवशास्त्राचा हट्ट धरला असता तर भूगोल विभागाची सही मिळाली नसती. सत्राच्या शेवटी तिच्यापुढे तीन वाटा होत्या: चौथं वर्ष, एम.ए., किंवा काम.

चौथं वर्ष मेजरचं असतं. भूगोलातलं ऑनर्स करून नेट मानवशास्त्रात देता येते, पण ७५ टक्के लागतात आणि तिचे तेवढे नव्हते. ही वाट तिथेच बंद झाली.

एम.ए.साठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मानवशास्त्र विभाग आहे, त्याची प्रवेशप्रक्रिया स्वतःची. रायपूरला पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ आहे, नागपूरहून रेल्वेने पुण्यापेक्षा बरंच जवळ. सागरचं हरिसिंह गौर आणि अमरकंटकचं इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठ ही केंद्रीय विद्यापीठं, सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेतून प्रवेश. नोकरी करत शिकायचं तर इग्नूचं मानवशास्त्राचं एम.ए. आहे आणि इग्नूचं प्रादेशिक केंद्र नागपुरात आहे. एम.एस्सी.ला बहुधा विज्ञानाची पदवी मागतात, हे बी.ए.वाल्यांनी आधी बघावं.

तिने पूर्व विदर्भात पोषण आणि वनहक्कावर काम करणाऱ्या एका संस्थेत क्षेत्र अन्वेषक म्हणून अर्ज केला. मुलाखतीत मानवशास्त्राची व्याख्या कोणी विचारली नाही. टिपणवहीची पानं बघितली, वंशावळीतली एक नोंद कशी तपासली ते विचारलं, आणि दंडाचं माप घेऊन दाखवायला लावलं. मग दुचाकीचा परवाना आहे का, मुक्कामी राहता येईल का, एक्सेल येतं का. परवाना नव्हता. नेमणूक परवाना काढण्याच्या अटीवर झाली, करार अकरा महिन्यांचा. अर्जाला तिने वीस पानी प्रोजेक्ट जोडला नव्हता. दोन पानांचा मराठी सारांश, नकाशा, नावं झाकलेली एक वंशावळ आणि कोबो टूलबॉक्स या सर्वेक्षणाच्या साधनावर बनवलेला फॉर्म, एवढंच. गावकऱ्यांची नावं असलेली कच्ची टिपणं कोणालाही द्यायची नाहीत, संस्थेने मागितली तरी.

आमचं मत असं की या मुलीने लगेच एम.ए.ला न जाणं बरोबर होतं, पण दोन वर्षांहून जास्त थांबणं बरोबर ठरणार नाही. प्रकल्पाच्या नोकऱ्यांत अन्वेषकाचा पर्यवेक्षक होतो तो अनुभवावर, पुढे संशोधन अधिकारी व्हायला मात्र पदव्युत्तर पदवी लागते. म्हणून करार चालू असतानाच इग्नूला नोंदणी करावी किंवा सीयूईटी-पीजीचा अर्ज भरावा. तो साधारण हिवाळ्यात निघतो आणि फिल्डवर असलेल्यांचा नेमका तेव्हाच चुकतो. सरकारी भरतीकडे बघायचं असेल तर एमएस-सीआयटी याच काळात उरकून घ्यावं.

एक कागद मात्र कॉलेज सोडण्याआधीच घ्यायचा. पदवीच्या प्रमाणपत्रावर मायनरचं नाव ठळक येईलच असं नाही, आणि गुणपत्रिकेवर पेपरांचे नुसते संकेतांक छापलेले असतात. सगळ्या सत्रांतल्या मानवशास्त्राच्या पेपरांची पूर्ण नावं, प्रत्येकाचे क्रेडिट आणि प्रात्यक्षिकाचे तास लिहिलेलं, प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं पत्र मागावं. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात हे सगळे क्रेडिट चढले आहेत का तेही तेव्हाच बघावं. सीएचबीवरचे शिक्षक बदलून गेल्यावर कोणता पेपर किती तासांचा होता, हे सांगायला विभागात कोणी उरत नाही.